दादा, हे झालेलं की व्हायचं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या डिझाइन स्टुडिओतली मुलगी तीन रिकामे खोके घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. खोके आंब्याचे, पण आंबा कधी न बघितलेले. ते वापराविना का राहिले ते पुढे सांगतो. तिन्हींवर तिने मार्करने लिहून आणलं होतं : ‘टाकायचं’, ‘ठेवायचं’, ‘दादा ठरवतील’.

“दादा, उद्या हळदकुंकू वाहायचं कशावर? टेबल दिसतंय कुठे?”

दिसत नव्हतं, हे खरं. तसं ते टेबलही नाही म्हणा. २००४ मध्ये मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला परत आलो आणि गोखले नाक्याजवळच्या गल्लीत दहा बाय बाराचा गाळा घेतला. डिपॉझिट भरून जे उरलं ते कॉम्प्युटरला गेलं. टेबलासाठी काही शिल्लक नव्हतं. गावी घराची दुरुस्ती चालली होती, त्यात माजघराचं फणसाच्या लाकडाचं दार निघालं होतं. ते आणून दोन लोखंडी घोड्यांवर आडवं टाकलं. कडीचं भोक अजून तसंच आहे, माउसची वायर त्यातून खाली जाते. यंदा एकवीस वर्षं झाली. गाळा दोनदा बदलला, कॉम्प्युटर किती झाले ते आठवत नाही, दार तेच.

खंडेनवमीला ते मोकळं करायचं हा नियम माझाच, आणि दर वर्षी मोडतो तोही मीच. ढीग उचलून कपाटावर ठेवायचा, पूजा उरकायची, दसऱ्याला सोनं वाटून आलो की ढीग पुन्हा खाली. यंदा तिने ते चालू दिलं नाही. एकेक कागद उचलायचा, माझ्यासमोर धरायचा नि विचारायचं, “हे झालेलं की व्हायचं?”

पहिल्याच कागदाला मी अडकलो.

ती एक लग्नपत्रिका होती, म्हणजे तिचं सहावं प्रूफ. धंद्याबाहेरच्यांना वाटतं की पत्रिकेतली कला वरच्या गणपतीत असते. गणपती तयार मिळतात. कला असते ती नावांच्या क्रमात. पहिल्या प्रुफात थोरले काका सगळ्यांच्या वर होते. दुसऱ्यात मुंबईचे चुलते त्यांच्या शेजारी आले, एकाच ओळीत, म्हणजे खालीवर कुणी नको. तिसऱ्यात ओळ मावेना म्हणून टाइप बारीक केला. चौथं प्रूफ परत आलं ते निरोप घेऊन : “बारीक का केलंत? आमचा काय मान नाय काय?” पाचव्यात आत्याबाई राहिल्या होत्या त्या घातल्या. सहावं न्यायला कुणी आलंच नाही.

“मग लग्न?”

“झालं की. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पत्रिका फिरली, मलाही आली. त्यात फक्त नवरा-नवरीची नावं होती.”

“म्हणजे हे झालेलं?”

“लग्न झालं. काम कुठे झालं? बिलाचं तर नावच नको.”

तिने दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि कागद तिसऱ्या खोक्यात टाकला. मग एका सहकारी पतसंस्थेच्या अहवालाचा मलपृष्ठाचा नमुना निघाला, तोही तिसऱ्यात. खाडीकाठच्या एका होमस्टेचे तीन लोगो, त्यांतला एक मालकाला आवडलेला, एक मालकिणीला आणि एक मला. तिसऱ्यात. शिमग्याच्या पालखीचं वेळापत्रक, मानकऱ्यांचा क्रम ठरेना म्हणून शेवटी हाताने लिहून देवळात लावलेलं. तिसऱ्यात.

लोक म्हणतात, कलाकाराचं टेबल असंच असणार, डोक्यात कल्पनांची गर्दी म्हणून टेबलावर पसारा. ऐकायला बरं वाटतं, मीही अनेक वर्षं तेच सांगत होतो. त्या दुपारी कागद मोजत गेलो तेव्हा कळलं की त्यात माझी कल्पना वगैरे फारशी नव्हतीच. बहुतेक कागद कुणाच्या तरी ‘हो’साठी थांबलेले होते. आमच्या धंद्यात करायला एक दिवस लागतो आणि ‘हो’ यायला कधी तीन महिने. तोवर तो कागद ठेवायचा कुठे? फायलीत घातला तर विसरला जाईल, टाकला तर दुसऱ्या दिवशी फोन येईल. म्हणून टेबलावर.

वडील असते तर हसले असते. ते छापखान्यात कंपोझिटर होते. अख्खं आयुष्य उभं राहून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. देवनागरीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, इंग्रजीसारखी सुटसुटीत नव्हे. काना-मात्रा वेगळ्या, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, त्यामुळे खणच खण, आणि त्यांचा हात न बघता बरोबर त्या खणात जायचा. त्यांच्या हाताखाली पसारा होणं शक्यच नव्हतं, आणि याचं कारण शिस्त नव्हे. खिळे मोजके असायचे. एक हँडबिल छापून झालं की त्याचा फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, सोडायचा आणि प्रत्येक खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा, कारण पुढच्या हँडबिलाला तीच अक्षरं लागणार. काम संपवल्याशिवाय दुसरं सुरूच होत नसे. गिऱ्हाईक चार दिवसांनी “जरा बदल करा” म्हणत आला तर सरळ सांगायचे, “तुमची अक्षरं आता दुसऱ्याकडे गेली.”

माझी अक्षरं कुणाकडे जात नाहीत. कॉम्प्युटरवर एकाच कामाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ आणि ‘हेच छापायचं’ अशा चार फायली आहेत, आणि छापली ती पाचवीच. छापखाना बंद होताना वडिलांनी एकच खिळा घरी आणला होता, शिशाचा उलटा ळ. तो माझ्या टेबलावर न दिलेल्या बिलांवर वजन म्हणून असतो. तिने तो उचलला, शर्टाला घासून पुसला, काही न विचारता ‘ठेवायचं’मध्ये टाकला आणि खालची बिलं तिसऱ्यात.

सुरुवातीची वर्षं फार सांगण्यासारखी नाहीत. पत्रिका, लेटरहेड, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं. रंगीत छपाई त्या वेळी मी कोल्हापूरला द्यायचो. फाइल सीडीवर घालून संध्याकाळच्या एस.टी.ने पाठवायची, छापलेला माल दोन दिवसांनी तसाच एस.टी.ने उतरायचा. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून राहायचा आणि मी त्याला चहा पाजत राहायचो. टेबलावरच्या गोल डागांपैकी निम्मे त्या दरडींचे. छपाई इथे करून घेतली तरी सुटका नव्हती. जुलैतला आपला कागद म्हणजे ओला पापडच. दमटपणा खाऊन कडा लहरतात, एका रंगावर दुसरा नीट बसत नाही, शाई वाळत नाही. कपाटात मी पंधरा वॅटचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचो, कागद नि कॅमेऱ्याची लेन्स दोन्ही त्याच्या उबेला. तरी एका लेन्सला आतून बुरशी धरलीच. ती लेन्स परवापर्यंत टेबलावर होती.

“ही?”

“टाक.” पहिला खोका उघडला तो तेव्हा.

मग तिच्या हाताला बाटली लागली. दोनशे मिलिलिटरची, कोकम आगळाची, रिकामी. मी तिच्यात पेन्सिली ठेवतो. तिला ती गोष्ट माहीत नव्हती, म्हणून खुर्ची ओढून बसायला सांगितलं.

२०१३ सालची गोष्ट. घरीच आगळ करून बाटल्या भरणारं एक जोडपं लेबल करून घ्यायला आलं. तोवर गावागावातली लोणची, सरबतं, कुळथाचं पीठ साध्या चिकट कागदावर नाव छापून विकली जायची. अन्नसुरक्षेचे नियम २०११ पासून लागू झाले आणि लेबल म्हणजे चित्र न राहता अर्जाचा फॉर्म झालं. घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तारीख, पोषणमूल्यं, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि चौदा आकडी परवाना क्रमांक. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, चित्र मी फार प्रेमाने काढलं होतं, फांदीवरचं, अर्धं फोडलेलं, आतल्या बिया दिसणारं. दोन रात्री त्यात गेल्या. परवान्याचा क्रमांक यायचा होता तो त्यांनी फोनवर सांगितला. त्यांच्या वाडीत रेंज म्हणजे आंब्याच्या बुंध्याशी एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. मी तो टेबलावर पडलेल्या एका पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतला आणि तसाच लेबलात टाकला.

लेबलं पाच हजार छापली. महिन्याभराने ते गृहस्थ दुपारी आले, बाटली टेबलावर ठेवली आणि एकच शब्द बोलले, “मोजा.”

मी मोजले. तेरा. परत मोजले. या क्रमांकात मध्येच शून्यांची रांग असते, त्या तीन शून्यांतलं एक मी गाळलं होतं. मुंबईच्या दुकानदाराने माल परत पाठवला होता. ते चिडले असते तर सोपं गेलं असतं, चिडले नाहीत. लेबलं मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापली आणि लावलेली काढायला मी आणि बायको दोन रविवार त्यांच्या अंगणात बसलो. बाटली घंगाळात भिजत ठेवायची, वरचा कागद सुटतो पण गोंद राहतो, मग नारळाच्या सोडणाने घासायची. रातांबा आधी जायचा आणि तो तेरा आकडी नंबर मात्र शेवटपर्यंत काचेला चिकटलेला राहायचा. एक बाटली मी न घासता घरी आणली.

तेव्हापासून टेबलावर लाकडी पाटावर उभा केलेला एक लांब खिळा आहे, दुकानदार बिलं टोचून ठेवतात तसला. गिऱ्हाइकाची सही असल्याशिवाय प्रूफ त्यात जात नाही आणि खिळ्यात नसेल ते छापायला जात नाही. अख्ख्या टेबलावरची ती एकच नीटनेटकी जागा, आणि मुलीने तिला हात लावला नाही.

आकड्यांचं आणखी एक सांगतो, कारण त्याशिवाय आमची वाटचाल पुरी होणार नाही. आजवर सगळ्यात जास्त कमाई आम्ही केली ती कुठल्या डिझाइनवर नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि एका रात्रीत बाजारपेठेतल्या सगळ्यांची बिलबुकं रद्दी झाली. किराणावाला, हार्डवेअरवाला, मिरकरवाड्याचे मासळी व्यापाऱ्यांना बर्फ पुरवणारे, सगळे रांगेत. पंधरा अक्षरी नंबर, सुरुवात महाराष्ट्राच्या २७ ने, पुढे पॅन. शून्यांनी पोळलेला माणूस मी, प्रत्येक नंबर मोठ्याने वाचून घ्यायचो, समोरचा वाचायचा नि मी पेन्सिलीने ठिपके द्यायचो. त्या दोन महिन्यांत मी एक रेघ काढली नाही आणि नव्या गाळ्याचं डिपॉझिट भरलं.

“मग चित्रं कशाला काढता?” ती म्हणाली.

उत्तर द्यायचं टाळून मी पुढचा कागद मागितला. निघालं शेडकार्ड, म्हणजे रंगछटांचा तक्ता, केशरी रंगाची पट्टी फाटून अर्धी झालेली.

आंब्याच्या खोक्याची डिझाइनं आम्ही पहिल्यापासून करतो. प्रत्येक बागायतदार एकच वाक्य बोलतो : “कलर हापूसचाच पाहिजे.” आता हापूसचा रंग म्हणजे कुठल्या दिवशीचा? एकदा मी हट्टाने आढीतला आंबा आणून टेबलावर ठेवला आणि स्क्रीनवर रंग जुळवायला बसलो. पहिल्या दिवशी बुडाकडे हिरवी झाक, देठाशी किंचित लाली. दुसऱ्या दिवशी सगळा पिवळा झाला आणि माझा कालचा रंग चुकीचा ठरला. तिसऱ्या दिवशी खरा केशरी आला, वास गाळाभर सुटला आणि मी चहा घेऊन परत येईतो कुणीतरी नमुना खाऊन टाकला होता. कोण ते आजवर कळलेलं नाही. बाठा मात्र इमानदारीने टेबलावर ठेवला होता. शिवाय खोका तपकिरी, त्यावर केशरी छापला की मळकट दिसतो. पांढऱ्या पृष्ठाचा खोका घ्यावा तर नगामागे पैसे वाढतात, तेव्हा मग तोच बागायतदार म्हणतो, “मळकट चालेल, आंबा आत आहे.” बरोबरच आहे त्याचं.

रंगापेक्षा नावाचा प्रश्न अवघड. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. मानांकनाचा शिक्का ज्याने वापरकर्ता म्हणून नोंदणी केली त्यानेच वापरायचा. पुढच्याच हंगामात बाहेरचा एक व्यापारी आला, हवा तेवढा आगाऊ देतो म्हणाला, खोक्यावर ‘रत्नागिरी हापूस’ आणि शिक्का. बाग कुठे विचारलं तर “ते तुम्हाला काय करायचंय?” मी नाही म्हटलं. इथे छाती फुगवून थांबता आलं असतं, पण खरं सांगायचं तर २००८-०९ मध्ये नुसतं ‘रत्नागिरी हापूस’ लिहिलेले असले खोके मी छापलेत. तेव्हा मी विचारत नव्हतो आणि मला कुणी विचारत नव्हतं. त्यातला एक चपटा केलेला खोका टेबलाच्या अगदी तळाशी, काचेखाली आहे. मुलीने तो ओढला, मी परत सरकवला.

आता तिच्या तीन खोक्यांविषयी. मे २०२१, तौक्ते वादळ. इथल्या एका बागायतदाराने पाचशे खोके छापून घेतले होते, कोविडमुळे मुंबईचं मार्केट धड चालत नव्हतं म्हणून थेट घरपोच आंबा द्यायचा बेत होता. खोके तयार झाले आणि तीन दिवसांत वादळ किनाऱ्यावरून वर सरकलं. झाडावरचा उरलेला आंबा झाडाखाली. वीज गेली ती किती दिवस नव्हती, इन्व्हर्टर संपला, गाळ्यात मेणबत्ती लावून मी हिशोबाची वही बघत होतो तर ते आले. खोके न्यायला आलो नाही, म्हणाले, सांगायला आलो. मी पैशांचं काढलं नाही, त्यांनीही नाही. पुढच्या दोन हंगामांत त्यांनी थोडे थोडे करून दिले, खोके मात्र नेले नाहीत. त्यावर त्या वर्षाचा सन छापलेला आहे. तेव्हापासून खोक्यावर सन छापायचा नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

संध्याकाळ झाली तशी ती थकली आणि पटापट विचारायला लागली. जुन्या फ्लेक्सचा एक तुकडा निघाला, त्यावर ‘किनार्यावरचं’ एवढंच. तो आमच्या फॉन्टच्या काळाचा नमुना. जुनी कामं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली, गिऱ्हाइकाचा मजकूर येतो युनिकोडमध्ये, दोघांचं जुळत नाही म्हणून मधे कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरला मराठी कुणी शिकवलेलं नाही. ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. आपल्या भाषेत दर्या वेगळा नि दऱ्या वेगळ्या, हे त्याला काय माहीत? ऱ्यासाठी खाली नुक्ता असलेला र वेगळा टाइप करावा लागतो, हे मला तो बोर्ड समुद्रासमोर चढल्यावर कळलं. मालकाला कधीच कळलं नाही. पर्यटकांनाही नाही. मी मात्र त्या रस्त्याने जाताना चार महिने डावीकडे बघत होतो, बोर्ड उजवीकडे होता. शेवटी स्वतःच्या पैशाने बदलून आलो. मालक म्हणाले, “नवीन कशाला? तोच चांगला होता.”

“हे झालेलं,” मी म्हटलं. ‘झालेलं की व्हायचं’ला सबंध दुपारभरात ठाम उत्तर मिळालं ते हे एकच.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. फणसाचं दार पहिल्यांदाच एवढं मोकळं दिसलं. मधे एक लांब चीर गेलेली, ती मला माहीत नव्हती. पोलादी पट्टी, कटर, माउस, खिळा आणि ळ ओळीने मांडले, झेंडूची फुलं वाहिली, मुलीने माउसला हळदकुंकू लावलं ते बटणाच्या फटीत गेलं आणि आता डावं क्लिक जरा अडखळतं. पूजेनंतर हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, म्हणून दुपारी एका मंडळाचा बॅनर घाईने मागायला आलेल्या पोरांना परत पाठवलं. त्यांनी मोबाइलवर स्वतःच केला आणि मला दाखवायला आणला. बरा होता.

‘टाकायचं’ हा खोका निम्मा भरला, रद्दीवाल्याने नेला. ‘ठेवायचं’मध्ये पाच वस्तू आहेत. ‘दादा ठरवतील’ काठोकाठ भरून वर दोरीने बांधावा लागला, तो टेबलाखाली, माझ्या पायाशी आहे. दसऱ्याला ठरवू म्हटलं, मग कोजागिरी झाली, आता दिवाळीच्या उटण्याची पाकिटं अंगावर आलीत. बसल्यावर पाय ठेवायला बरा पडतो. काल बघितलं तर मुलीने त्याच्यावर उटण्याची तीन प्रुफं ठेवली होती, आणि प्रुफांवर स्वतःचा चहाचा कप.